'तिकडे' गेल्यावर काय होतं?

मित्र-मैत्रिणींनो,

या आठवड्याच्या टपालात सांगलीहून आलेलं एक पत्र होतं. वहीचं पान फाडून, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात लिहिलेलं. 'नाव छापू नका' असं सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा बजावलेलं. नाव छापत नाही, आणि ओळख पटेल असा मजकूरही गाळला आहे. पण पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं असं आहे.

"ताई, मी आठवीत आहे. २०१९ ला पूर आला तेव्हा मी दुसरीत होतो. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो, मग बोटीतून बाहेर काढलं. आता मोठा पाऊस लागला की माझं पोट दुखतं. रात्री दोन-तीनदा उठून खिडकीतून रस्ता कोरडा आहे का बघतो. मग शाळेत झोप येते. चाचणीत गणितात फार कमी मार्क पडले. बाईंनी आईला बोलावून सांगितलं, याला समुपदेशकांकडे न्या. बाबा म्हणतात, 'पुराला काय भ्यायचं? आम्ही २००५ पण बघितलाय.' वर्गातली पोरं म्हणतात, 'वेड्यांच्या डॉक्टरकडं चाललाय.' येत्या शनिवारी जायचं आहे. तिकडे काय करतात? मी वेडा आहे का? मी सांगीन ते बाईंना कळणार का? आणि एक गोष्ट आहे, ती मी कुणालाच सांगितलेली नाही. ती सांगावीच लागते का?"

पत्रात चार प्रश्न आहेत, आणि चारही अगदी योग्य आहेत. एकेक घेऊ या. पत्र सांगलीच्या मित्राचं असलं, तरी बाकीच्यांनीही कान देऊन ऐका हं. कुणाला परीक्षेची धास्ती असते, कुणाच्या घरात सारखी भांडणं असतात, कुणाला शाळेत चिडवतात. 'तिकडे' जायची वेळ कुणावरही येऊ शकते.

मी वेडा आहे का?

नाही. अजिबात नाही.

सांगलीत राहणाऱ्याला कृष्णेचा पूर नवा नाही. पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती झालं?" आणि दुसरा, "कोयनेतून किती सोडलंय?" आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. एवढं पाणी सात वर्षांच्या मुलाने खिडकीतून पाहिलं, बोटीत बसून ओलांडलं, तर ते त्याच्या लक्षात राहणारच!

आपल्या मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा एक भाग असतो. घंटा वाजली की तो शरीराला हुकूम सोडतो, "पळ, नाहीतर लढ!" छाती धडधडू लागते, श्वास भराभर होतो, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पोटातलं पचनाचं काम मागे पडतं. म्हणूनच भीती वाटली की पोटात गोळा येतो. २०१९ मध्ये ही घंटा अगदी योग्य वेळी वाजली होती. आता अडचण एवढीच आहे, की साधी सर आणि महापूर यांतला फरक तिला कळेनासा झालाय. पत्र्यावर पाऊस वाजला की ती वाजते. तू उठतोस, रस्ता पाहतोस. झोपमोड झाली की दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष लागत नाही आणि गणितं चुकतात. बघ, पोट, झोप आणि मार्क, तिन्हींचा धागा एकच निघाला!

असं होणारा तू एकटा नाहीस. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेशविसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. त्यातून वाचलेल्या अनेकांना पुढे कितीतरी दिवस घरात, छपराखाली झोपायची भीती वाटत असे. त्यात लहान मुलं होती, तशी चांगली धट्टीकट्टी शेतकरी माणसंही होती. त्यांना कुणी भित्रं म्हणेल का?

तिकडे कोण असतं?

'वेड्यांचा डॉक्टर' हा शब्दच आधी वहीतून खोडून टाकू या. मनाच्या कामात वेगवेगळी माणसं असतात. 'समुपदेशक' म्हणजे बोलून, ऐकून, विचारून अडचण सोडवायला मदत करणारे. 'मानसशास्त्रज्ञ' मानसशास्त्र शिकलेले असतात. त्यांच्यापैकी काही जण बुद्धीच्या, अभ्यासातल्या अडचणींच्या किंवा स्वभावाच्या चाचण्याही घेतात. आणि 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणजे आधी डॉक्टर होऊन मग मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले. गरज पडली तर औषध फक्त तेच लिहून देतात. तू शनिवारी ज्यांच्याकडे जाणार आहेस ते समुपदेशक आहेत. म्हणजे ना सुई, ना कडू औषध!

हा प्रकार काही आजकालचा नाही. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी तरुण मुलांना 'कोणतं काम निवडू?' या प्रश्नात मदत करायला एक कचेरी उघडली. समुपदेशनाची सुरुवात तिथून मानतात. आपल्याकडे मुंबईत १९३७ मध्ये खास मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली. आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आपलं परीक्षा मंडळही मुलांशी बोलायला समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. ती सगळी मुलं काय वेडी असतात?

शनिवारी काय काय होईल?

मी स्वतः अशाच एका खोलीत रोज बसते, म्हणून साधारण कसं असतं ते सांगते. जागेप्रमाणे थोडा फरक पडेल.

पोचल्यावर आधी एक फॉर्म भरायचा असतो. नाव, वय, शाळा, घरात कोण कोण, पूर्वी काही मोठं आजारपण झालं होतं का, असं त्यात असतं. तू अठरा वर्षांच्या आतला, म्हणून आईची किंवा बाबांची सही लागते.

खोली दवाखान्यासारखी नसते. दोन-तीन खुर्च्या, टेबल, कागद, रंगीत खडू, कधी खेळणी किंवा ठोकळे. आठवीतल्या मुलाला खेळण्यांची काय गरज, असं वाटेल. पण तोंडाने सांगता येत नाही ते कधीकधी चित्रात पटकन येतं, म्हणून ते सामान ठेवलेलं असतं. तुला नको असेल तर नको.

बहुतेक ठिकाणी आधी तुला आणि आईला एकत्र बसवतात. "आज का आलात?" असं विचारतात. आई तिच्या बाजूने सांगेल. ती काहीतरी चुकीचं सांगतेय असं वाटलं, तर तू लगेच म्हणू शकतोस, "मला तसं वाटत नाही." कुणी रागावत नाही. मग आईला थोडा वेळ बाहेर बसवून तुझ्याशी एकट्याशी बोलतात. सगळं मिळून पाऊण तास ते एक तास लागतो.

प्रश्न कसले? फार साधे. झोप कशी लागते? जेवण जातं का? शाळेत कुणाशी पटतं? कशात मजा येते? पोट नेमकं कधी दुखतं? दुखायच्या आधी काय झालेलं असतं? यात बरोबर-चूक असं उत्तर नसतं, मार्क तर नसतातच. 'माहीत नाही' हेही उत्तर चालतं. 'आता नको' हेही चालतं. गप्प बसलास तरी चालतं. तुझ्याएवढा एक मुलगा पहिल्या भेटीत अर्धा तास नुसता टेबलावरच्या पेनाचं टोपण उघडझाप करत बसला होता. मीही बसले. जाताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी येऊ का?" रडू आलं तरी काही बिघडत नाही. त्या खोलीत रडणारी मोठी माणसंही मी पुष्कळ पाहिली आहेत.

एक प्रश्न मात्र ऐकून दचकायला होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते. "कधी जगू नये असं वाटतं का? स्वतःला इजा करावीशी वाटते का?" असं ते विचारतील. हा प्रश्न बहुतेक सगळ्यांना विचारतात, तुझ्यात काही विशेष दिसलं म्हणून नव्हे. विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत, हे अभ्यासाने सिद्ध झालेलं आहे. वाटत नसेल तर नाही म्हण. कधी वाटलं असेल तर मात्र खरं सांग. त्या एका प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नकोस.

शेवटी ते सांगतील, पुढे काय करू या. कधी छोटासा गृहपाठ देतात. उदाहरणार्थ, आठवडाभर पोट दुखलं की वेळ आणि तेव्हाची घटना वहीत लिहायची. पहिल्या भेटीत जादू होत नाही बरं का! पहिली भेट म्हणजे नव्या वर्गातला पहिला दिवस. एकमेकांची ओळख झाली, एवढंच पुष्कळ. घंटा हळूहळू शहाणी होते, एका शनिवारात नाही.

आणि दोन-तीन भेटींनंतरही मन मोकळं होत नसेल, तर आईला सांग. सगळ्यांचं सगळ्यांशी जमतंच असं नाही. दुसऱ्या समुपदेशकांकडे जाता येतं, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही.

मी सांगीन ते बाईंना कळणार का?

नाही. तू त्या खोलीत सांगितलेलं तिथेच राहतं. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवावी, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो. आणि समुपदेशकांच्या धंद्याचा तर तो पहिला नियम आहे. शाळेने पाठवलं असलं, तरी शाळेला काय आणि किती कळवायचं हे तुझ्या घरच्यांना विचारून ठरतं. आईबाबांनाही ढोबळमानाने सांगतात, "त्याला पावसात भीती वाटते, आपण असं असं करू या." तुझं प्रत्येक वाक्य काही त्यांच्यापुढे वाचून दाखवत नाहीत.

पण गुपिताला तीन अपवाद आहेत, आणि ते तुला माहीत हवेत. तू स्वतःला इजा करशील अशी भीती असेल. तू दुसऱ्या कुणाला इजा करशील अशी भीती असेल. किंवा कुणी मोठं माणूस तुला त्रास देत असेल, तर समुपदेशक गप्प बसू शकत नाहीत. लहान मुलांशी कुणी लैंगिक गैरवर्तन केल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने सगळ्यांवरच बंधनकारक आहे. तुला वाचवता यावं, म्हणून हे अपवाद आहेत.

चांगले समुपदेशक हे पहिल्या पाच मिनिटांत स्वतःहून सांगतात. नाही सांगितलं तर तू विचार, "मी सांगितलेलं कुणाकुणाला कळेल?" हा प्रश्न विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

आई-बाबांसाठी

पालकहो, हे पान तुम्हीही वाचता हे मला ठाऊक आहे. चार शब्द तुमच्यासाठी.

मुलाला "चल, जरा मावशीकडे जाऊन येऊ" असं सांगून तिथे नेऊ नका. मुलांना फसवणूक बरोबर कळते, आणि मग ती खोलीत तोंड उघडत नाहीत. कुठे आणि कशासाठी जातोय ते आदल्या दिवशी नीट सांगा. "तुझ्यात काहीतरी बिघडलंय" असं म्हणू नका. "तुला रात्री झोप लागत नाही, त्याला मदत हवी, ती कुठे मिळते ते बघू" असं म्हणा. आणि "अभ्यास केला नाहीस तर समुपदेशकांकडे नेईन" अशी धमकी तर कधीच देऊ नका.

परत येताना रिक्षात "काय काय विचारलं? माझ्याबद्दल काय सांगितलंस?" अशी उलटतपासणी घेऊ नका. वाटेत भडंगाचा पुडा घ्या, कृष्णाकाठी घटकाभर बसा. सांगायचं असेल ते तो आपण होऊन सांगेल.

बाबांनो, तुम्ही २००५ चा पूर पाहिलात, घर सावरलंत, हे खरंच. पण तेव्हा तुम्ही मोठे होतात. काय करायचं, कुठे जायचं, हे तुम्ही ठरवत होतात. २०१९ मध्ये तो दुसरीतला पोरगा होता आणि त्याच्या हातात काहीच नव्हतं. एकच पाणी दोघांना सारखं दिसत नाही. एखाद्या संध्याकाळी त्याला विचारून तर पाहा, "त्या दिवशी तुला काय दिसलं होतं रे?" आणि मधे न बोलता ऐका. तुम्हालाही २००५ मध्ये भीती वाटली असेल, तर तेही सांगा. बाप कधी भ्यालाच नाही असं पोराला वाटत असतं, आणि मग त्याला स्वतःच्या भीतीची लाज वाटू लागते.

समुपदेशक निवडताना त्यांचं शिक्षण विचारायला संकोचू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. फी आणि भेटीची वेळ आधीच विचारून घ्या. "दोन भेटींत हमखास गुण" असं कुणी म्हटलं, तर तिथून नमस्कार करून निघा. अंगारे-धुपारे आणि देवऋषी यांत पैसा आणि वेळ दोन्ही घालवू नका. खर्च परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात चौकशी करा. मिरजेला १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, त्याला जोडलेलं आहे. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो देशभर चालू आहे. पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांनो, संकटात असाल तर १०९८ हा तुमचाच नंबर आहे. तो पाठ करून ठेवा.

आणि ती एक गोष्ट?

आता मित्रा, तुझा शेवटचा प्रश्न. कुणालाच न सांगितलेली ती गोष्ट सांगावीच लागते का?

नाही. शनिवारी तर नाहीच. समोरचं माणूस कसं आहे, ते ऐकतं कसं, हसतं का, घाई करतं का, हे आधी तू पारखून घे. वाटलं तर नुसतं एवढं म्हण, "एक गोष्ट आहे, पण ती मी आज सांगणार नाही." एवढं ऐकलं की चांगल्या समुपदेशकांना कळतं की थांबायचं आहे. ते थांबतील. कदाचित तिसऱ्या भेटीत सांगशील, कदाचित सहाव्या. बोलायला जमलं नाही तर चिठ्ठीवर लिहून दे. मला पत्र लिहिताना "एक गोष्ट आहे" इथवर तू आलास ना? मग पुढचंही जमेल.

फक्त एक अट आहे. त्या गोष्टीत कुणी तुला आजही त्रास देत असेल, किंवा तुझ्या मनात स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, तर मात्र तिसऱ्या भेटीची वाट पाहू नको. आज, आत्ता, आईला सांग किंवा वर दिलेल्या नंबरावर फोन कर.

एरवी घाई नाही. बहुतेक वेळा अशा गोष्टीत मुलांना वाटत असतं, 'चूक माझी होती.' मी इतक्या वर्षांत अशा कितीतरी गोष्टी ऐकल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींत त्या मुलाची काहीच चूक नव्हती. तुझ्या गोष्टीत काय आहे ते मला माहीत नाही, पण ती घेऊन इतकी वर्षं तू एकटाच चालतो आहेस, एवढं कळलं. दुसऱ्या कुणी हात लावला तर ओझं हलकं होतं, मग ते दप्तर असो की गोष्ट.

शनिवारी जाऊन ये. जमलं तर कसं झालं ते कळव. नाव या वेळीही छापणार नाही.

बाकीच्या मंडळींनो, तुमच्या वर्गातलं कुणी 'तिकडे' जातंय असं कळलं, तर काय म्हणायचं नाही, ते आता तुम्हाला कळलं ना? आणि काय म्हणायचं? काहीच नाही. मधल्या सुट्टीत त्याला आपल्या डब्यात बोलवा, बस्स.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.

तुमची
ताई